वाट आणि पाणी

महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत एक दानलेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. कुमार काणभोअ वेण्हुपालित नावाच्या राजपुत्राने या डोंगरावर काय काय दिलं, ते त्यात एकामागून एक सांगितलं आहे: लेणं, चैत्यगृह, भिक्खूंना राहायला आठ ओवऱ्या, लेण्याच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या दोन पोढ्या आणि लेण्याशी जोडलेली वाट. हे सगळं त्या कुमाराचं धर्मदान, असं म्हणून लेख संपतो. कुमाराने स्वतःचं वर्णन केलेलं नाही, पराक्रम सांगितलेला नाही. दिलेल्या वस्तूंची नोंद तेवढी केली आहे.

लेणं, ओवरी आणि पोढी यांचं दान सह्याद्रीतल्या लेण्यांना नवं नाही. कान्हेरीला, कुड्याला, जुन्नरला असे लेख जागोजागी भेटतात. मला थांबवलं ते शेवटच्या दानाने. डोंगरात खोदून दिलेली खोली ही आत राहणाऱ्याची सोय असते. वाट दिली जाते ती बाहेरून येणाऱ्यासाठी. हे लेणं घडवणाऱ्याला इथे माणसांची ये-जा हवी होती आणि ती सोय त्याने दानातच धरली होती.

मी तुडीलचा. सावित्रीच्या दक्षिण काठाला खाडीपट्टा म्हणतात, त्यातलं आमचं गाव. आम्हा खाडीपट्ट्यातल्या माणसांचं सगळं महाडला. कोर्ट महाडला, तहसील महाडला, दवाखाना महाडला, लग्नाचा बस्ता महाडला. म्हाप्रळकडून येणारी एसटी रावढळ मागे टाकते आणि थोड्या वेळाने शहराची गर्दी सुरू होते. लहानपणी महाडला जायचं म्हणजे बाजार बघायचा. लेणी आम्ही पाहिली ती मुंबईच्या गाडीच्या खिडकीतून. महाडहून मुंबईला निघालं की शहर संपता संपता डाव्या हाताला डोंगर येतो आणि त्याच्या कुशीत काळ्या चौकटींच्या रांगा दिसतात. ‘पांडवांची लेणी’ म्हणत कोणीतरी बोट दाखवायचं. तोवर गाडी दासगावच्या दिशेने पुढे गेलेली असायची.

गणपतीला गावी येणारे लाखो चाकरमानी या डोंगराखालून जातात. कोकणात जाणाऱ्या माणसाला चुकवता येणार नाही, अशी ही जागा आहे. ट्रक, आरामगाड्या, औद्योगिक वसाहतीचे टँकर, मिनीडोर असं सगळं पायथ्याशी वाहत असतं. चौपदरीकरणानंतर तर गाड्यांचा वेग इतका वाढला आहे की मान वळवेपर्यंत डोंगर मागे पडतो. इतक्या वर्दळीत उभं असलेलं इतकं जुनं बुद्धस्थान जिल्ह्यात दुसरं नाही. आणि इतक्या लोकांनी पाहून इतक्या थोड्यांनी चढलेलं स्थानही क्वचितच असेल.

चढण अवघड नाही. गांधारपाले गावातून पायऱ्यांची वाट वर जाते. सुरुवातीला घरं, अंगणात वाळत घातलेलं काहीबाही, एखादं कुत्रं. मग झाडी आणि मग एकदम कातळ. पायऱ्यांच्या सुरुवातीलाच एक म्हातारी बसली होती. तिला विचारलं, “आजी, वर माणसं येतात का?”

“येतात की. मार्चात येतात, बुद्धपुर्णिमेला येतात. पोरं कदी बी येतात, फोटो काढाया. गावातली मान्सं न्हाय येत.”

“तुम्ही गेलायत?”

“ल्हानपणी गुरं न्यायची. वरच्या टाक्याचं पानी पियाचो आमी. लय गार.”

वर पोचलं की ओळीने खोदलेल्या खोल्या दिसतात. लहानमोठी मिळून तीसच्या आसपास लेणी आहेत, खालीवर अशा रांगांत. अभ्यासकांच्या मते बहुतेकांचा काळ इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातला. पहिलं लेणं सगळ्यांत मोठं. त्याची ओसरी पन्नास फुटांहून लांब आहे. पुढे सहा खांब योजलेले होते, त्यातला एकच पुरता घडवला गेला. बाकीचे चौकोनी ठोकळेच राहिले. काम का थांबलं असेल? पैसा संपला, दाता गेला की राज्य बदललं? कातळात त्याचं उत्तर नाही. पण त्या एका घडवलेल्या खांबाशेजारी उरलेले ठोकळे पाहिले की छिन्नी हातात धरलेला माणूस दिसू लागतो. आधी ठोकळा मोकळा करायचा, मग त्याला पैलू पाडायचे, मग वरचं आणि खालचं नक्षीकाम. कार्ल्याच्या चैत्यगृहात सगळं पुरं झालेलं आहे, तिथे माणूस थक्क होतो. इथे काम मधेच सोडलेलं आहे, म्हणून ते कसं केलं जात होतं ते समजतं.

आतल्या प्रशस्त दालनात तीन बाजूंनी दगडी बाक कोरलेला आहे. मागच्या भिंतीत खोल्या आणि मधोमध गाभारा. गाभाऱ्यात कातळाचाच एक चौकोनी ठोकळा आहे आणि त्याच्या दर्शनी बाजूला बसलेले बुद्ध, सोबत सेवक, खाली धम्मचक्र आणि दोन बाजूंना हरणं. सारनाथच्या मृगदावातल्या पहिल्या प्रवचनाची ही खूण. मूर्ती झिजली आहे, चेहऱ्याचे बारकावे राहिलेले नाहीत. लेणं आधीचं आणि मूर्ती पुढच्या काळात घडवलेली असावी, असं मानतात. सुरुवातीला इथे मूर्ती नव्हती, स्तूप पुजला जाई. एका लेण्यातला स्तूप तर कोणीतरी मुळापासून तोडून काढला आहे. छताला चिकटलेली त्याची दगडी छत्री तेवढी राहिली. तिच्याखाली उभं राहिलं की स्तूप कुठे होता ते बरोबर कळतं.

आणखी एका लेखात संघरक्षित नावाच्या व्यापाऱ्याच्या घराण्याने दिलेलं दान आहे. त्यात लेण्याच्या जोडीने शेतही लावून दिलेलं आहे. उत्पन्न येत राहावं आणि पूजा चालत राहावी, अशी ती व्यवस्था. राजपुत्र आणि व्यापारी असे दोघेही दाते एका डोंगरावर. कुड्याच्या लेण्यांत तर याहून मोठा गोतावळा आहे. मांदाडच्या खाडीजवळच्या त्या लेण्यांत माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, लेखनिक आहे, महाभोजांच्या घराण्यातली माणसं आहेत. ही लेणी राजांनी बांधली असं आपण सहज म्हणून जातो. ती पेठेतल्या माणसांनीही बांधली. ज्यांचं दुकान होतं, ज्यांच्या हाताला कसब होतं, त्यांनी कमाईतला वाटा डोंगरावर पाठवला.

त्यासाठी पेठ जवळ लागते, आणि महाड ही पेठच होती. सावित्रीतून, बाणकोटच्या खाडीतून गलबतं दासगावपर्यंत आणि भरतीच्या पाण्यावर महाडपर्यंत येत. मागे सह्याद्रीची भिंत आणि तिच्यातून वर जाणाऱ्या घाटवाटा: वरंध, शेवत्या, मढे घाट, पोलादपूरच्या अंगाने पार घाट आणि ढवळे घाट. समुद्रावरचा माल इथे उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर देशावर जायचा. मीठ, नारळ, सुकी मासळी वर. धान्य आणि गूळ खाली. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांमध्ये पालैपत्मै असं एक नाव येतं. ते म्हणजे महाडजवळचं हे पाले, असं काही अभ्यासकांचं मत. दाभोळच्या बाजूने बोलणारेही आहेत. वाद सुटो न सुटो, या डोंगरावरून खाली पाहणाऱ्याला मुद्दा पटतो. समोर गांधारी नदी, पलीकडे सावित्री, दोन्हींच्या मधे शहर. शहर पायाशी आहे आणि तरी दोन पावलं बाजूला आहे.

ही ‘दोन पावलं’ ठरवून सोडलेली होती. पाली विनयपिटकात अनाथपिंडिकाची गोष्ट आहे. श्रावस्तीच्या या धनिकाला बुद्धांसाठी विहार बांधायचा होता आणि तो जागा शोधत हिंडत होता. गावापासून फार दूर नाही, फार जवळ नाही, येण्याजाण्याला सोयीची, ज्याला यायचं त्याला सहज पोचता येईल अशी, दिवसा फार गर्दी नाही, रात्री गोंगाट नाही. अशी जागा त्याला जेत राजकुमाराच्या बागेत मिळाली. पुढे सोन्याची नाणी अंथरून बाग विकत घेतल्याची कथा सगळ्यांना माहीत असते. जागेच्या या अटी मात्र फारसं कोणी सांगत नाही. मला त्या अटी नाण्यांपेक्षा मोठ्या वाटतात. भिक्खूला रोज सकाळी भिक्षेला गावात जायचं असतं, म्हणून गाव चालत जाण्याच्या अंतरावर हवं. गावकऱ्याला संध्याकाळी धम्म ऐकायला यायचं असतं, म्हणून वाट हवी. लेणी म्हटलं की आपण अरण्य, एकांत, जगाचा त्याग असं चित्र रंगवतो. गांधारपाल्याचे भिक्खू सकाळी पात्र घेऊन बंदरावरच्या पेठेत उतरत असणार, हे चित्र त्याहून खरं आहे. हा शहराचा विहार होता.

गांधारपाल्याहून खाली उतरून शहरात शिरलं की थोड्याच वेळात माणूस चवदार तळ्यावर येतो. तळ्याच्या चारी बाजूंनी शहर आहे. घरं, दुकानं, शाळेतून सुटलेली मुलं, पाणीपुरीची गाडी. मधे पाणी आणि पाण्यात बाबासाहेबांचा पुतळा. २० मार्च १९२७ ला इथे जे घडलं ते महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही दोन ओळींत पाठ असतं. पण त्या दोन ओळींमागे चौदा वर्षांचा कारभार आहे आणि तो वाचला की वाट व पाणी यांचा अर्थ फार जवळ येतो.

ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला: सरकारी पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार तळं खुलं केलं. कागदावर सगळं झालं होतं. पण तळ्यावर जाण्याची प्राज्ञा कोणाची नव्हती. मग लाडवलीत जन्मलेले तरुण रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, बापूसाहेब सहस्रबुद्धे अशा मंडळींनी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरवली. १९ आणि २० मार्च १९२७. हजारो माणसं पायी आली, भाकऱ्या बांधून आली. परिषदेसाठी पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं होतं. नगरपालिकेचं स्वतःचं तळं गावात होतं, आणि पिण्याचं पाणी पैसे मोजून आणावं लागलं, तेही त्या काळचे चाळीस रुपये.

दुसऱ्या दिवशी बाबासाहेब पुढे आणि मागे माणसांची रांग, अशी मिरवणूक तळ्यावर गेली. त्यांनी पाणी प्यायलं, मग सगळ्यांनी प्यायलं. परतणाऱ्या लोकांवर गावात हल्ला झाला, डोकी फुटली. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. आमच्या खाडीपट्ट्यात हिंदू, मुसलमान, बौद्ध अशी मिसळलेली वस्ती आहे, म्हणून ही नोंद मला विशेष जवळची आहे. त्यानंतर तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य घालून ‘शुद्धी’ केली गेली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तळं खाजगी मालकीचं आहे असं सांगून विरोधकांनी कोर्टातून मनाई आणली. परिषदेला शहरात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, हरिहरेश्वरच्या बाजूने खाडीत शिरले आणि २५ डिसेंबरला दासगावला उतरले. तिथून महाडपर्यंत सगळे चालत. दासगावहून महाडला येणारा रस्ता गांधारपाल्याच्या डोंगराखालून येतो. संघरक्षित व्यापाऱ्याचा माल ज्या पाण्यावरून येत असेल त्याच खाडीतून ही बोट आली आणि ज्या डोंगरात वाट दान दिलेली होती त्याच्या पायथ्याशी ही माणसं चालली. त्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. मनाई हुकूम असल्यामुळे तळ्यावर जाण्याचा सत्याग्रह मात्र पुढे ढकलला गेला. लोक तयारीने आले होते, तुरुंगात जायलाही तयार होते. त्यांना थांबवणं हे मला बाबासाहेबांच्या मोठ्या निर्णयांपैकी एक वाटतं. कोर्टातला निकाल त्यांनी कोर्टातच मिळवला. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचं शिक्कामोर्तब केलं. अस्पृश्यांना वगळण्याची चिरकाल चालत आलेली रूढी सिद्ध होत नाही, असं न्यायालय म्हणालं.

त्याच महाडच्या मुक्कामात बाबासाहेबांनी सहकाऱ्यांबरोबर परिसरातली बौद्ध लेणी पाहिली, अशी नोंद धनंजय कीर यांनी चरित्रात केली आहे. बुद्धाचे भिक्खू कसे निरिच्छ राहिले, लोकांची सेवा कशी करत, हे ते भारावून सांगत होते आणि भिक्खूंच्या दगडी आसनांवर कोणी बसू नये, असं त्यांनी सोबत्यांना बजावलं. हा १९२७ चा डिसेंबर आहे. धर्मांतराच्या येवल्याच्या घोषणेला अजून आठ वर्षं होती, नागपूरच्या दीक्षेला जवळपास एकोणतीस. खाली शहरात पाण्याचा हक्क कोर्टात अडकलेला होता. वर डोंगरात कातळात कोरलेल्या पोढ्या होत्या, कोणीतरी दान म्हणून दिलेल्या. बाबासाहेबांनी त्या दिवशी ही दोन पाणी एकत्र मनात आणली का, याची नोंद कुठे नाही आणि मी ती त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण आज तिथे जाणाऱ्याला हा विचार टाळता येत नाही. मला तरी येत नाही.

रावढळचं नाव वर आलं, तिथे थोडं थांबतो. आमच्या एसटीच्या वाटेवरचं हे गाव गोपाळबाबा वलंगकरांचं. लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त झालेला हा माणूस. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि अस्पृश्यतेला शास्त्राधार काय, असा जाहीर सवाल केला. पुढे महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यावरून सवर्ण सभासदांनी वादळ उठवलं. महाडचा सत्याग्रह आकाशातून पडला नाही. त्याच्या आधी चाळीस वर्षं या मातीत हा माणूस लिहीत होता, अर्ज करत होता, सभा घेत होता. चवदार तळ्यावर येणाऱ्या कितीजणांना रावढळ माहीत असेल? आमच्याच गावातल्या किती मुलांना?

महाड-पोलादपूरची निम्मी कहाणी मुंबईत आहे. गिरण्यांत, गोदीत, नळबाजारात, लालबाग-परळच्या चाळींत आमची माणसं गेली. ज्या वर्षी उच्च न्यायालयाचा निकाल लागला त्याच १९३७ मध्ये, त्याच परळमध्ये, गिरणगावाच्या ऐन गर्दीत एक बुद्धविहार उघडला: बहुजन विहार. तो उभा करणारे धर्मानंद कोसंबी. १८७६ मध्ये गोव्यातल्या सांखवाळला जन्मलेला, बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथा घातलेला, पाली ग्रंथ मराठीत आणणारा हा पंडित. त्यांना विद्यापीठांत मान होता, हार्वर्डपर्यंत त्यांचं काम पोचलं होतं. तरी विहार बांधायला त्यांनी मजुरांची वस्ती निवडली. पैसा जुगलकिशोर बिर्लांनी दिला. अनाथपिंडिकाची जागेची अट कोसंबींना पाठ असणार. त्यांनी ती गिरणीच्या भोंग्याच्या टापूत शोधली, जिथे पाळीवरून सुटलेला कामगार घरी जाता जाता आत डोकावू शकेल.

मुंबईतलं दुसरं असं स्थान वरळी नाक्याजवळचं जपानी बुद्धमंदिर. निचिदात्सू फुजी नावाचे जपानी भिक्खू १९३१ मध्ये भारतात आले, वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांच्या निप्पोनझान म्योहोजी पंथाचं हे मंदिर १९५० च्या दशकात उभं राहिलं. तिथेही बिर्लांची मदत. पोदार रुग्णालयासमोरच्या त्या रस्त्यावर बसचे हॉर्न थांबत नाहीत. आत भिंतींवर बुद्धचरित्राची चित्रं आहेत आणि पूजेच्या वेळी मोठा ढोल एकसुरात वाजत असतो. वरळीच्या बीडीडी चाळींतली माणसं त्या आवाजावर लहानाची मोठी झाली. तोक्योचं सेन्सोजी, कोलंबोचं गंगारामय, बँकॉकचं वाट फो ही मंदिरंही बाजारांच्या, रहदारीच्या मधोमध आहेत. कचेरीत जाणारा माणूस क्षणभर थांबतो, हात जोडतो, पुढे जातो. तिथलं बुद्धस्थान पर्यटनाच्या यादीत नंतर येतं, रोजच्या वाटेवर आधी. गांधारपालं तसं होतं आणि तसं होऊ शकतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

पावसाळ्यात हा डोंगर नीट कळतो. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने आभाळ डोक्यावर टेकलेलं. बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्यात फिरू नका, एका जागी राहा असं सांगितलं, तो वर्षावास. बाकीच्या काळात फिरणाऱ्या संघाला स्थिर निवारा लागला तो मुख्यतः वर्षावासाच्या तीन महिन्यांसाठी. सह्याद्रीतली लेणी कोरली गेली ती बऱ्याच अंशी पावसामुळे. लाकूड, गवत आणि माती इथे टिकत नाही. कातळ टिकतो. आणि जे पाणी माणसाला कोंडून घालतं तेच पाणी पन्हळींनी वळवून पोढीत साठवलं की उन्हाळाभर पुरतं.

खाली शहर दोन नद्यांच्या कवेत. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी दोन्ही महाडमध्ये शिरल्या. लोक माळ्यांवर, गच्च्यांवर रात्र काढून होते. पाणी उतरल्यावर बाजारपेठेत राहिला तो नुसता चिखल. कपड्यांची ठाणं, औषधं, वह्या, किराणा सगळं एकाच रंगाचं झालं होतं. त्याच दिवशी तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या होत्या, दोनशेच्या जवळपास बळी गेले. जुई तर आमच्याच खाडीपट्ट्यातलं. आमच्याकडे जुलै महिन्यात रात्री जोराचा पाऊस लागला की अजूनही कोणी शांत झोपत नाही.

एकविसाच्या पुरानंतर काही दिवसांनी महाडला गेलो होतो, एका नातेवाइकांच्या दुकानातला गाळ उपसायला. कंबर मोडून गेली की आम्ही रस्त्यावर येऊन बसायचो. तिथून तो डोंगर दिसायचा, धुऊन निघालेला, हिरवा, लेण्यांवरून पाण्याच्या धारा कोसळताना. ज्यांनी ती जागा निवडली त्यांना नदी किती चढते हे ठाऊक होतं. पुराच्या वर आणि तरी पेठेच्या जवळ. त्या माणसांनी शहराचा पाऊस अभ्यासला होता, आणि पूररेषेचे नकाशे हातात असूनही आपण नदीच्या पात्रालगत भराव घालत राहतो.

लेणी संरक्षित स्मारक आहेत. संरक्षण म्हणजे काय, तर मोडतोड होऊ नये. ती फारशी होतही नाही, भिंतींवर कोळशाने लिहिलेली नावं सोडली तर. पण येणाऱ्याला समजेल असं तिथे फार थोडं आहे. काणभोअ कुमाराचा लेख डोळ्यांसमोर असतो आणि तो काय म्हणतो हे सांगणारी मराठीतली पाटी मला दिसली नाही. दोन बसलेले तरुण भेटले, माणगावकडचे. त्यांना लेखाचा अर्थ सांगितला तेव्हा एकजण उठून पुन्हा ती अक्षरं बघायला गेला, बोट न लावता, खूप वेळ. त्याने एवढंच विचारलं, “म्हणजे ही वाट पण त्यानेच दिली?”

२०२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. २० मार्चला महाडात दरवर्षीच पाय ठेवायला जागा नसते. मराठवाड्यातून, विदर्भातून, मुंबईतून माणसं येतात, तळ्यावर जातात, क्रांतिस्तंभाला वंदन करतात. शताब्दीला त्याच्या अनेक पटींनी येतील. शासन मंडप घालेल, रस्ते रंगवेल. माझी मागणी छोटी आहे आणि ती मी महाड नगरपालिकेकडे, पुरातत्त्व खात्याकडे आणि आम्हा तालुकावासीयांकडे करतो आहे. तळ्यापासून गांधारपाल्यापर्यंत माणसाला पायी सुरक्षित जाता येईल अशी वाट करा. महामार्ग ओलांडताना आज म्हाताऱ्या माणसाचा जीव मुठीत असतो. तिथे पादचाऱ्यांची सोय करा. पायऱ्यांना कठडा द्या. लेख मराठीत लावा, अक्षरं मोठी ठेवा. पोढ्या साफ करा. सावित्रीपलीकडच्या कोलच्या लेण्यांतही दानलेख आहेत, त्यांच्याकडे जाणारी पायवाट झुडपांनी बुजते, ती मोकळी करा. आणि रावढळला वलंगकरांचं नाव सांगणारा एक फलक लावा, एसटीच्या खिडकीतून वाचता येईल असा.

माणसं मात्र शासनाची वाट बघत बसलेली नाहीत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत कोकणातल्या बौद्धवाड्यांत वर्षावासाची प्रवचनं चालतात. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा ती भरवतात. भिक्खू नसले तरी शिक्षक, निवृत्त कामगार, शिकणाऱ्या मुली प्रवचन देतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन होतं. भातलावणी उरकून, हातपाय धुऊन बायामाणसं विहारात येऊन बसतात, पत्र्यावर पाऊस वाजत असतो. मुंबईतही तेच, चाळीच्या खोलीत किंवा इमारतीच्या सभागृहात, गावाच्या नावाने. यंदा खाडीपट्ट्यातल्या एका वाडीत मी गेलो होतो. तिथे अकरावीतल्या एका मुलीने गांधारपाल्याच्या लेखावर बोलायचं ठरवलं होतं. लेखातल्या वस्तू तिने फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या. लेणं, चैत्यगृह, आठ ओवऱ्या, दोन पोढ्या, वाट. मग ती बसलेल्या बायकांकडे वळली आणि म्हणाली, “आपल्या वाडीतल्या विहाराला यातलं काय काय आहे, ते सांगा.” बायकांनी मोजायला सुरुवात केली. पाण्याच्या टाकीवर चर्चा बराच वेळ चालली, कारण टाकीला गळती होती आणि दुरुस्तीची वर्गणी कोणी काढायची हे त्या रात्रीच ठरवायचं होतं.